पाळीच्या आधी हिरड्यांतून रक्त येतं? कॅलेंडरवर खूण करा

पाळी जवळ आली की हिरड्या सुजतात, ब्रश करताना बेसिनमध्ये गुलाबी थुंकी दिसते आणि घाबरून आपण ब्रश करणंच कमी करतो. नेमकं तेच करू नका. हार्मोन्स बदलले की दातांच्या कडेला साचलेल्या थरावर हिरड्या जास्त चिडतात, त्यामुळे त्या दिवसांत तो थर काढणं जास्तच गरजेचं.

१. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर पाळीची तारीख लिहिता, त्यावरच हिरड्यांतून रक्त दिसलं त्या दिवशी ठिपका द्या. दोन-तीन महिन्यांत ठिपके कुठे जमतात ते कळतं.
२. त्या दिवसांत मऊ ब्रश, हलका हात, दोन वेळा. रात्रीचा चुकवू नका.
३. दात साफ करून घ्यायची अपॉइंटमेंट पाळी संपल्यानंतरच्या आठवड्यात घ्या. तेव्हा हिरड्या कमी दुखतात.

गरोदरपणात उलटी झाल्यावर लगेच ब्रश नको. कपभर पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून चूळ भरा, ब्रश अर्ध्या-पाऊण तासाने. आणि दातांच्या डॉक्टरांना दिवस गेल्याचं आधी सांगा. 'बाळंतपणानंतर बघू' म्हणून दात दुखत ठेवू नका. चौथा ते सहावा महिना उपचाराला सोयीचा असतो.

पुण्यात अजून कितीतरी घरांत आई-आजी मिशरी लावतात. मिशरीने रक्त थांबल्यासारखं वाटतं, पण तंबाखू हिरड्यांचा आजार नुसता झाकतो.

पाळी संपूनही हिरड्यांतून रक्त येतच राहिलं, दात हलला किंवा पू दिसला, तर ठिपक्यांची वाट न पाहता दातांच्या डॉक्टरांकडे जा.