रिमोट कंट्रोलची (आरसी) टूरिंग कार डावीकडे गरागरा फिरते, उजवीकडे वळतच नाही: माझा अनुभव

एन्ट्री लेव्हलची, प्लॅस्टिक चॅसीवाली (चॅसी म्हणजे खालचा सांगाडा) फोर व्हील ड्राइव्ह आरसी गाडी, डाव्या वळणाला मागून सुटायची, उजव्या वळणाला सरळ बाहेर जायची. ट्रिम (रिमोटवरून स्टिअरिंग सरळ करणं), टो लिंक (चाकांची दिशा ठरवणारी दांडी), सर्वो सेव्हर (स्टिअरिंगच्या मोटरला धक्क्यापासून वाचवणारा भाग), नवे टायर सगळं करून झालं, अक्षरशः वैताग आला होता. प्रॉब्लेम निघाला चॅसीच्या पिळाचा, म्हणजे सांगाडा पिळल्याने किंवा स्प्रिंगचा ताण कमीजास्त असल्याने डाव्या-उजव्या चाकांवर वजन सारखं पडत नव्हतं.

आधी सपाट जागा बघा, किचनच्या ओट्याला सिंककडे उतार असतो म्हणून मार्बलवाल्याकडून ग्रॅनाइटचा तुकडा आणा आणि लेव्हलने चेक करा. शॉक (स्प्रिंगवाले शॉक अ‍ॅब्सॉर्बर) काढा, चारही आर्म (चाक धरणारे हात) स्वतःच्या वजनाने खाली पडले पाहिजेत. मग गिअरबॉक्सचे स्क्रू अर्धा फेरा सैल करून, चॅसी ग्रॅनाइटवर दाबून धरत, समोरासमोरचे तिरके असे थोडे थोडे आवळा, प्लॅस्टिक आहे, जास्त जोर नको. शॉक लावा, बॅटरी बसवा, गाडी दोनतीनदा दाबून सोडा.

आता पुढच्या बाजूला बरोब्बर मधोमध सुरीचं टोक घालून हळू उचला. माझ्या गाडीचं पुढचं उजवं चाक आधी उठलं, म्हणजे मागच्या उजव्या स्प्रिंगवर जास्त ताण, तिथली स्प्रिंग दाबून ठेवणारी १ मिमीची क्लिप काढली आणि पुढची दोन्ही चाकं एकदम उठली. मग तसंच मागून उचलून पुढच्या स्प्रिंग बघायच्या. पुढच्या क्लब रेसला दोन्हीकडे सारखी वळली. क्रॅशनंतर हे परत चेक करा.