महामारीत ठरवून केलेल्या शस्त्रक्रियांचा दर्जा राखताना या चुका टाळा

साथ आली की ओटीच्या (ऑपरेशन थिएटरच्या) यादीतून आधी गळतात त्या ठरवून करायच्या शस्त्रक्रिया. 2020 मध्ये करोनाच्या भराच्या 12 आठवड्यांत जगभरात सुमारे 2 कोटी 84 लाख शस्त्रक्रिया रद्द होतील किंवा पुढे ढकलल्या जातील, असा अंदाज कोविडसर्ज या संशोधकगटाने मांडला होता. यादी आखडणं टळत नाही. पण तिच्याबरोबर दर्जासुधारणेचं कामही गुंडाळलं जातं, ते मात्र टाळता येतं.

पहिली चूक म्हणजे मोजणंच बंद करणं. नोंदी ठेवणाऱ्या सिस्टरला आयसीयूत ड्यूटी लागली, की चाळीस रकान्यांचा तक्ता कोराच राहतो. मग रकानेच कमी करा. चीर देण्याआधी 60 मिनिटांच्या आत अँटिबायोटिक गेलं का, शरीराचं तापमान 36 अंशांखाली उतरलं का, 24 तासांत रुग्ण अंथरुणातून उठला का. एवढं तीन ओळींत मावतं आणि त्या वेळी तिथे असेल तो कुणीही भरू शकतो.

सर्वांत महागात पडते ती आकड्यांची चुकीची तुलना. एरवी महिन्याला शंभर शस्त्रक्रिया होत असतील आणि साथीत दहाच झाल्या, तर एका रुग्णाच्या जखमेत पू झाला तरी प्रमाण थेट 10 टक्के. वर रुग्णही बदललेले असतात: गुडघे-हर्निया थांबलेले, कॅन्सरचे तेवढे येणारे. अशा महिन्याची मागच्या वर्षाशी तुलना करून कुणाला जाब विचारणं अन्यायाचंच. टक्केवारी बाजूला ठेवा आणि रन चार्ट काढा, म्हणजे आकडे तारखेच्या क्रमाने बिंदूंनी मांडलेला आलेख. त्यात मध्यकाची रेघ असते: निम्मे बिंदू तिच्या वर, निम्मे खाली. जिथे रुग्णांचा प्रकार बदलला तिथे उभी रेघ मारून तारीख लिहा, पुढचे पुरेसे बिंदू जमले की मध्यक नव्याने काढा. सलग सहा बिंदू मध्यकाच्या एकाच बाजूला आले तरच काहीतरी खरंच बदललं असं धरा. विरळ घडणाऱ्या गुंतागुंतींसाठी तर दोन घटनांच्या मध्ये किती शस्त्रक्रिया झाल्या एवढंच मोजा. मुक्कामाचे दिवस घटले म्हणून लगेच पाठ थोपटून घेऊ नका. लोक संसर्गाच्या भीतीनेही लवकर घरी जातात, म्हणून पुन्हा दाखल झालेल्यांचा आकडा शेजारीच ठेवा.

जागतिक आरोग्य संघटनेची 2008 सालची सुरक्षा चेकलिस्ट 19 मुद्द्यांची आहे. साथीत तिला शेपूट फुटतं, प्रत्येक जण एक प्रश्न वाढवतो. संसर्गाच्या तपासणीचा प्रश्न हवाच, पण तो भूल देण्याआधी. भूल दिल्यावर, चीर देण्याच्या क्षणी तो विचारून काय साधणार? पीपीई किटमध्ये आवाज दबतो, चेहरा कळत नाही. म्हणून किटवर मार्करने नाव आणि काम लिहा आणि ऐकणाऱ्याने सूचना परत म्हणून दाखवावी असा नियम करा.

प्रतीक्षायादीला गोदाम समजणं ही आणखी एक चूक. थांबलेल्या महिन्यांत रक्तक्षय शोधून लोह देता येतं, साखर आटोक्यात आणता येते, धूम्रपान सोडवता येतं, रोज चालायला लावता येतं. हे बरंचसं फोनवरून होतं. नाहीतर रुग्ण सहा महिन्यांनी येतो तो आणखी अशक्त होऊन, आणि निकाल बिघडला की खापर साथीवर!

नियमांवर तारीख न घालणंही नडतं. 116 देशांतल्या 1 लाख 40 हजारांहून अधिक रुग्णांच्या अभ्यासातून 2021 मध्ये सल्ला आला: करोना झाल्यावर शक्य असेल तर किमान 7 आठवडे थांबा, लक्षणं टिकून असतील तर आणखी. कॅन्सरसारख्या आजारात थांबण्याचा धोकाही तोलावा लागतोच. पुढे लसीकरण झालं, विषाणूचे प्रकार बदलले आणि ही मुदत रुग्णागणिक ठरू लागली. भिंतीवरचा कागद मात्र बऱ्याच ठिकाणी तोच राहिला. प्रत्येक सूचनेखाली 'पुन्हा तपासण्याची तारीख' लिहा.

बैठका? दहा मिनिटं, उभ्याने.

यादी पूर्ववत झाली आणि तरी आकडे घसरले, तर नवा प्रकल्प काढण्याआधी वॉर्डात जाऊन बघा. रुग्णाला दुसऱ्या दिवशी उठवणारी जुनी सिस्टर अजून आयसीयूतच असेल आणि तिच्या जागी आलेल्या मुलीला ही पद्धत कुणी सांगितलेलीच नसेल.