भोपळ्याचा बॅले बसवायचा असेल तर

म्हातारी आणि भोपळ्याची गोष्ट आपल्याकडे जेवण भरवताना प्रत्येकाने ऐकलेली असते, म्हणून घरच्या सगळ्यांनी मिळून बघायचा बॅले करायचा असेल तर मी हीच घ्या म्हणते. गोष्ट पोरांना आधीच पाठ असली की स्टेजवर न बोलता खूप काही सांगता येतं.

आधी वही घ्या आणि संवाद बाजूला ठेवून फक्त क्रियापदं लिहून काढा. म्हातारी काठी टेकत निघते, थबकते, थरथरते, लेकीकडे पोटभर खाते, जाड होते, भोपळ्यात शिरते, घरंगळते. नाच यातूनच निघतो. "आत्ता नको खाऊस, जाडजूड होऊन येते" हा सौदा मात्र नुसत्या हातवाऱ्यांनी कळत नाही, तो सूत्रधाराच्या तोंडी द्या, काला आणि दशावतार ही गोवा-कोकणातली लोकनाट्यं बघत वाढलेल्या आपल्या लोकांना सूत्रधार काही नवा नाही. पण तीनदाच बोलू द्या, जास्त बोलला की नाच मागे पडतो.

मग प्रत्येकाची चाल ठरवा, स्टेप्स नंतर. नृत्यदिग्दर्शक शांती बर्धन यांनी 1952 साली मुंबईत लिटल बॅले ट्रूप काढला आणि त्यांच्या रामायणात माणसं कठपुतळ्यांसारखी नाचली, म्हणजे अंगाची एक ढब पकडली की अख्खं पात्र उभं राहतं. आमची म्हातारी जाताना दादऱ्याच्या सहा मात्रांवर चालते, येताना भोपळा केरव्याच्या आठ मात्रांवर उड्या मारतो. लहान मुलांना ताल कुठला ते सांगता येत नाही, पण बदल झाला की ती लगेच सरसावून बसतात.

वाद्यंही वाटून द्या. रशियन संगीतकार प्रोकोफिएव्हने 1936 मध्ये 'पीटर अँड द वुल्फ' या मुलांच्या संगीतकथेत हेच केलं, पक्ष्याला बासरी, लांडग्याला हॉर्न. आपल्याकडे वाघाला घुमट द्या, म्हणजे मडक्याच्या एका तोंडावर चामडं ताणलेलं ते गोव्याचं वाद्य! एका हाताने चामड्यावर थाप आणि दुसऱ्या हाताने मागचं तोंड झाकत उघडत वाजवलं की जो खोल हुंकार निघतो तो कुठल्याही रेकॉर्डेड डरकाळीपेक्षा भारी, पोटात जाणवतो. कोल्ह्याला कासाळं (मोठ्या झांजा), म्हातारीला पेटी.

आता भोपळा. पहिल्या वेळी आम्ही कागदाच्या लगद्याचा मोठा भोपळा केला, दिसायला सुंदर होता पण आतल्या मुलीला बाहेरचं काही दिसेना, विंगेच्या कडेला पाय अडकून ती पडली आणि तिचा गुडघा सोलवटला, त्या दिवसापासून घट्ट भोपळा आमच्याकडे बंद. आता आठ मुली केशरी ओढण्या घेऊन म्हातारीभोवती फुगडीचं रिंगण करतात, रिंगणच फिरत फिरत पुढे सरकतं आणि तोंडाने "फू, फू" चालू. तोच आमचा भोपळा. वाघ अडवतो तेव्हा रिंगण थांबतं, ओढण्या खाली येतात, आतून म्हातारीचे दोन डोळे दिसतात. इथे घाई करू नका, पाच सेकंद शांतता ठेवा.

जंगलासाठी पडदे रंगवत बसू नका, गोफ वापरा. वरच्या पाइपला रंगीत दोऱ्या बांधून जोडीजोडीने (संख्या सम हवी) गोफ विणत गेलं की म्हातारी जाताना रान दाट होत जातं, आणि परतीला तेच पदन्यास उलटे करून गोफ सोडवला की वाट मोकळी होते. उलटं करणं अवघड आहे, त्यासाठी मे महिन्याच्या सुट्टीतली निदान दहा दिवसांची तालीम वेगळी धरा. पाइप वजन घेईल का ते हॉलवाल्यांना आधीच विचारा.

वेळ चाळीस मिनिटं, मध्यंतर नको. 'नटक्रॅकर' या प्रसिद्ध बॅलेचं संगीतच दीड तासाच्या आसपास आहे, तेवढं आपली चार वर्षांची पोरं बसत नाहीत. पूर्ण अंधारही करू नका, निळा उजेड राहू दे. वाघाला मात्र सौम्य करू नका, आधी शेपूट, मग पंजा, मग तोंड असा येऊ दे. थोडी भीती वाटली तरच आईच्या मांडीत शिरायची मजा येते.

आणि "चल रे भोपळ्या टुणुक टुणुक" ही ओळ स्टेजवर कुणीच म्हणायची नाही. रिंगण अडून बसतं, सूत्रधार हॉलकडे बघतो, मग पुढच्या रांगेतून एक बारीक आवाज येतो, मग दोन, मग आज्यासुद्धा म्हणायला लागतात, आणि अख्ख्या हॉलचा आवाज झाल्याशिवाय मुलींनी पाय उचलायचा नाही.