वाचा-भाषा उपचारांच्या परिषदेला जाताना

पुण्यात वाचा-भाषा उपचारांचे पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांनी भारतीय वाक् व श्रवण संघाच्या ‘इशाकॉन’ या वार्षिक परिषदेला शिक्षणकाळात एकदा तरी जावे, आणि शक्यतो स्वतःच्या संशोधनाचे पोस्टर घेऊन जावे.

पोस्टरचा सारांश पाठवण्याची मुदत परिषदेच्या बरीच आधी संपते. म्हणून मार्गदर्शकांशी विषय लवकर ठरवावा. बालरुग्णाची चित्रफीत दाखवायची असेल, तर पालकांची लेखी संमती त्या विशिष्ट वापरासाठी घेतलेली असावी. उपचारासाठी दिलेली संमती येथे पुरत नाही.

मराठी मुलांच्या उच्चारांवर काम केले असेल, तर एक गोष्ट मला विशेष महत्त्वाची वाटते. ‘चार’ आणि ‘चारा’ यांतील ‘च’ आपण वेगवेगळे उच्चारतो, पण लिपीत तो भेद दिसत नाही. त्यामुळे पोस्टरवर नुसती देवनागरी दिल्यास इतर भाषक श्रोत्याला मुलाची चूक नेमकी कोणती, हे कळणार नाही. प्रत्येक उदाहरण आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपीतही द्यावे आणि शब्दाचा अर्थ लिहावा.

एकाच वेळी अनेक सत्रे चालतात. तोतरेपणा, गिळण्याचे विकार, वाचाघात (मेंदूला इजा झाल्याने भाषा वापरण्यात येणारी अडचण) अशा सर्वच विषयांमागे धावण्यापेक्षा आपल्या प्रबंधाला उपयोगी पडतील अशी मोजकी सत्रे निवडून ती पूर्ण ऐकावीत. ज्येष्ठांशी बोलताना आधी आपले नाव व संस्था सांगावी, मग एकच नेमका प्रश्न विचारावा. परतल्यावर आठवड्याच्या आत टिपणे नीट लिहून वर्गमित्रांसमोर मांडावीत.