साखरेचा पाक का बिघडतो?

ऊस असो वा बीट, दोन्हींतून निघणारी पांढरी साखर म्हणजे सुक्रोजच. पाकाला कुठलीही चालते.

जाड बुडाच्या पातेल्यात 2 वाट्या साखर, 1 वाटी पाणी घ्या. साखर पूर्ण विरघळेपर्यंत आच मंद ठेवून ढवळा. उकळी फुटली की ढवळणं बंद! बहुतेक पाक इथेच फसतात. ढवळताना कडेला उडालेले थेंब सुकून त्यांचे कण होतात. एक कण आत पडला तरी पाक भराभर साखरतो. कडा ओल्या ब्रशने पुसत राहा. उकळी आल्यावर अर्धा चमचा लिंबाचा रस घाला. आम्लामुळे थोड्या सुक्रोजचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं, मग स्फटिक सहज जमत नाहीत.

एकतारी पाक साधारण 106 ते 110 अंश सेल्सिअसला होतो. 115 च्या आसपास थेंब गार पाण्यात टाकल्यास मऊ गोळी बनते. 150 ला तो कडक होऊन तुटतो. 160 च्या पुढे रंग चढू लागतो, आणि करपायला मग क्षणही पुरतो.

साखरलाच तर फेकू नका. पाव वाटी पाणी घालून विरघळवा, पुन्हा उकळा. थर्मामीटर असेल तर टोक बुडाला टेकू देऊ नका, आकडा जास्त दिसतो.