पुढच्या स्प्रॉकेटचा एक दाता वाढवून बाईकचं मायलेज कसं वाढवावं

कणकवली-कुडाळच्या चौपदरी महामार्गावर टॉप गियरला साठच्या स्पीडने जाताना इंजिन उगाच ओरडतंय, अजून एक गियर हवा होता, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी हे लिहितोय. जास्तीचा गियर काही मिळत नाही, पण पुढच्या स्प्रॉकेटचा एक दाता वाढवला की त्याच्या थोडं जवळ जाता येतं. स्प्रॉकेट म्हणजे चेन ज्यावरून फिरते ते दातेरी चक्र; पुढचं इंजिनजवळ असतं, दुसरं मागच्या चाकावर. स्कूटरवाल्यांनी इथेच थांबलं तरी चालेल, त्यांच्याकडे बेल्ट असतो.

आधी हिशेब. मागचे दाते भागिले पुढचे दाते. समजा पुढे १४ आणि मागे ४२ आहेत, तर ३. म्हणजे मागचं चाक एकदा फिरायला पुढचं स्प्रॉकेट तीनदा फिरतं. पुढे १५ केले की २.८ झालं. तेवढ्याच स्पीडला इंजिनचे फेरे पावणेसात टक्क्यांनी उतरतात. मिनिटाला ५००० फेरे (आरपीएम) होते तिथे साधारण ४६७० दिसतील. फेरे कमी म्हणजे आतलं घर्षण कमी. शिवाय तीच ताकद कमी फेऱ्यांत काढायची तर थ्रॉटल थोडा जास्त उघडावा लागतो आणि हवा ओढायला इंजिनला कमी कष्ट पडतात. बचत होते ती या दोन कारणांनी. पण फेरे सात टक्के उतरले म्हणून पेट्रोलही सात टक्के वाचेल, असं समजू नका. वाऱ्याचा अडथळा तोच, टायरचं घासणंही तेच राहतं. समजा साठचं मायलेज त्रेसष्ट झालं, तर महिन्याला हजार किलोमीटर चालवणाऱ्याचं पाऊण लिटरच्या आसपास पेट्रोल वाचेल.

आता आपल्या कोकणाची गोष्ट. महामार्ग सोडून सागरी मार्गाला लागलात की रस्ता सड्यावरून (माथ्यावरच्या सपाट कातळावरून) खाडीत उतरतो, पूल ओलांडतो आणि पुन्हा सड्यावर चढतो. रत्नागिरीहून आरे-वारेमार्गे गणपतीपुळ्याला गेलेल्यांना वेगळं सांगायला नको. अशा रस्त्यावर टॉप गियर लागतोच किती वेळ? त्यात मागे माणूस आणि मध्ये आंब्याची पेटी असेल, तर वाढवलेला दाता चढावर खाली खेचतो, गियर लवकर पाडावा लागतो आणि वाचवलेलं पेट्रोल तिथेच जातं. म्हणून माझं मत सरळ आहे: रोजच्या प्रवासात निम्म्याहून जास्त सपाट महामार्ग असेल तरच हे करा, आणि तेही फक्त एका दात्याने. दोन दाते वाढवायचा सल्ला देणाऱ्याला एकदा तुमची गाडी घेऊन आंबोली घाट चढायला सांगा. सावंतवाडी सोडली की जवळपास ६९० मीटर उंचीपर्यंत चढायचं असतं.

पाना हातात घेण्याआधी एक परीक्षा घ्या. तुमच्या वाटेवरचा सगळ्यात वाईट चढ निवडा आणि नेहमीचं वजन घेऊन चढा. गाडी तिसऱ्यात न कुरकुरता चढत असेल तर पुढे जायला हरकत नाही. दुसऱ्यातच रडतखडत येत असेल तर नाद सोडा. गॅरेजवाल्याला विचारलंत तर तोही हेच सांगेल: "घाटात दुसऱ्या गियरार इलंस काय समाजतला तुका!"

आत्ताचं मायलेज नीट मोजा. एकाच पंपावर, गाडी डबल स्टँडला लावून टाकी एकाच खुणेपर्यंत फुल करा, नेहमीसारखी चालवा आणि पुन्हा तिथेच फुल करा. अशा दोन-तीन टाक्यांची सरासरी काढा. मे महिन्याचा आकडा जुलैशी ताडून बघू नका. पावसात रस्ते, वेग, टायर सगळंच बदललेलं असतं.

त्याच आठवड्यात बाकीचं तपासून घ्या, कारण चोर बहुतेक इथेच सापडतो. टायरमधली हवा स्टिकरवर लिहिल्याइतकी हवी. मागचं चाक हाताने फिरवल्यावर मोकळं फिरायला हवं, ब्रेक घासत नको. एअर फिल्टर झटकला की लाल धुरळा उडतो तो बघा. आणि चेन! खाऱ्या हवेने तिच्या कड्या गंजून आखडतात; चाक हळू फिरवलं की काही कड्या स्प्रॉकेटवरून सुटल्यावरही वाकड्याच राहतात. अशी चेन ठेवून दाते बदलण्यात अर्थ नाही. २० कड्यांची लांबी मोजा. ४२८ नंबरच्या चेनला नवी असताना ती २५४ मिमी भरते. २५९ च्या आसपास गेली असेल तर चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट, अख्खा सेटच बदला. ताणलेली चेन नवं स्प्रॉकेट खाऊन टाकते.

खरेदीला जुनं स्प्रॉकेट काढून सोबत न्या. चेनचा नंबर, जाडी, आतल्या खाचा, बोल्टची भोकं, सगळं तंतोतंत जुळलं पाहिजे. मोठं स्प्रॉकेट कव्हरला घासणार नाही ना, हेही बसवून बघूनच कळतं. पुढचं मिळत नसेल तर मागचे दाते कमी करता येतात: पुढचा एक वाढवणं म्हणजे मागचे साधारण तीन कमी करणं. भीतभीत करायचं असेल तर मागचा एकच कमी करा, फरक अडीच टक्क्यांपेक्षा कमी पडतो.

बसवताना इंजिन बंद, किल्ली खिशात. इंजिन चालू ठेवून चेन पुसताना बोटं गेल्याचे प्रकार घडतात, म्हणून हे आधीच सांगितलं. गाडी डबल स्टँडवर घ्या. गियर लिव्हर काढण्याआधी गाडी पहिल्या गियरला टाका आणि शाफ्टवर खूण करा, मग डावीकडचं कव्हर उघडा. आत जांभ्याची माती आणि जुनं ग्रीस यांचा घट्ट थर असतो, तो रॉकेलच्या ब्रशने काढा. चेन अजून चढलेली असतानाच कोणाला तरी मागचा ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुढच्या स्प्रॉकेटचे बोल्ट सैल करा. चेन काढल्यावर हे करायला गेलात तर स्प्रॉकेट नुसतं फिरत राहील. काही गाड्यांत नटामागे वाकवलेला पत्रा असतो, तो आधी सरळ करा.

मग मागच्या ॲक्सलचा नट ढिला करा आणि दोन्ही बाजूंचे ॲडजस्टर सारखेच फिरवून चाक पुढे ढकला. चेन लॉक (चेनची दोन टोकं जोडणारी सुटी कडी) काढा, नवं स्प्रॉकेट बसवा, चेन चढवा. लॉकच्या क्लिपचं बंद टोक चेन ज्या दिशेला जाते त्या दिशेला हवं. उलटी बसली तर क्लिप कुठेतरी अडकून उडते आणि चेन सुटते. एक दाता वाढला की तीच चेन ठेवून चाक साधारण ३ मिमी पुढे येतं. स्विंग आर्मवरच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यांवरच्या) खुणा दोन्ही बाजूंना सारख्या ठेवा. चेनचा ढिलेपणा गाडीच्या स्टिकरप्रमाणे ठेवा. शंभर सीसीच्या गाड्यांना बहुधा २० ते ३० मिमी असतो. ड्रम ब्रेक असेल तर चाक पुढे आल्याने पेडल थोडं सैल पडतं, म्हणून ब्रेक रॉडचा नट घट्ट करा आणि ब्रेक लाइट लागतो का बघा. सगळे नट मॅन्युअलमधल्या टॉर्कने (आवळायच्या जोराने) आवळा आणि थोडं फिरून आल्यावर पुन्हा एकदा तपासा.

स्पीडोमीटरची केबल पुढच्या चाकातून येत असेल तर काळजी नाही. काही गाड्यांत मात्र वेग गिअरबॉक्सकडून मोजला जातो. तिथे आता मीटर खऱ्यापेक्षा कमी दाखवणार, किलोमीटरसुद्धा. मायलेज काढताना मीटरवरचा आकडा १५ ने गुणून १४ ने भागा, नाहीतर खरं मायलेज वाढलेलं असूनही "काही फरक नाही" असं वाटेल. महामार्गावरच्या किलोमीटरच्या दगडांशी एकदा ताडून घ्या.

चालवण्याची सवयही थोडी बदलावी लागते. चाळीसलाच टॉप टाकायची सवय असेल तर आता पंचेचाळीसपर्यंत थांबा. हँडल थरथरलं किंवा इंजिन ठकठक करू लागलं की लगेच गियर पाडा. पेट्रोल वाचवायच्या नादात इंजिन ओढत नेण्याने बेअरिंगचं नुकसान होतं. चढावर सुटताना क्लच अर्धवट धरून ठेवायची सवय असेल तर क्लच प्लेट आधीपेक्षा लवकर जातील. बाजारात मासळीची टोपली घेऊन दर दहा मिनिटांनी थांबणाऱ्याला तर हा बदल नकोच.

जुनं स्प्रॉकेट भंगारात देऊ नका. झिजलेलं नसेल तर ग्रीस लावून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवा. दोन-तीन टाक्यांनंतरही आकडा हलला नाही किंवा चढावर कटकट वाढली, तर तेच परत चढवा आणि चेन पुन्हा ॲडजस्ट करा.