‘प्रगती समाधानकारक’ लिहिण्याआधी

बीड जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यात माझी चौथीपर्यंतची द्विशिक्षकी शाळा. तिसरी-चौथी माझ्याकडे, पट २२. दिवाळी झाली की टोळ्या ऊसतोडीला निघतात आणि वर्गात १४ उरतात. यंदा आमच्या केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातल्या, दुसऱ्या शाळेवर एक शिक्षणसेविका (नवी शिक्षिका) रुजू झाली. पहिल्याच शिक्षण परिषदेत, म्हणजे केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकीत, तिनं विचारलं, “मॅडम, वर्ग आवरायचा कसा? आणि या मूल्यमापनाच्या नोंदी नेमक्या लिहायच्या काय?” चहा संपेपर्यंत जेवढं सांगता आलं तेवढं सांगितलं. राहिलेलं इथं लिहिते.

नियमांचा छापील तक्ता दुकानातून आणू नका. ‘गोंधळ करू नये’ वाचून गप्प बसलेलं एकही पोरगं मी पाहिलेलं नाही. गोंधळ म्हणजे काय, हे कुणी त्याला सांगितलेलंच नसतं. जूनच्या पहिल्या आठवड्यात मुलांनाच विचारा, शाळेत भांडणं होतात कुठं. आमच्याकडे उत्तर आलं : नळावर, ताटं धुताना. मग नियमही त्यांनीच केला, “ताट घासून झालं की नळ सोडायचा, चूळ पलीकडं भरायची.” असे तीन नियम पुरतात. चौथा माझ्याच लक्षात राहत नाही.

भांडण झालंच तर “का मारलंस?” असं विचारू नका. त्याचं उत्तर मोठ्या माणसांनाही देता येत नाही. एकेकाला बाजूला घ्या आणि विचारा, आधी काय झालं, मग काय झालं. दोघांचं ऐकून झालं की दोघांना समोरासमोर आणून, “आता काय करायचं?” तिथवर येईपर्यंत दोघंही भांडणाला कंटाळलेले असतात.

छडीचा विषयच नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ नं शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींवर बंदी घातली आहे. अंगठे धरायला लावणं, उन्हात उभं करणं तर त्यात आलंच, पण चारचौघांत ‘ढ’ म्हणणंही मी त्यातच धरते. आजोबा शाळेत येऊन म्हणतात, “बाई, द्या दोन ठेवून त्याला.” हसून सांगायचं, “बाबा, तेवढं सोडून बाकी सगळं करते.”

बक्षिसाच्या बाबतीत मी स्वतः माती खाल्ली आहे. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी भिंतीवर सगळ्यांच्या नावांचा तक्ता लावला आणि चांगल्या कामाला एक चांदणी चिकटवायला लागले. पंधरा दिवस वर्ग असा काही शहाण्यासारखा वागला की मीच हरखले. मग एका मुलीला म्हटलं, “जास्वंदीला पाणी घाल गं.” तिनं विचारलं, “चांदणी मिळंल का?” त्याच आठवड्यात एकाही चांदणीचा मानकरी नसलेल्या मुलानं स्वतःच्या नावाची पट्टी नखानं खरवडून काढली. तक्ता मी शनिवारी उतरवला.

आता असं करते. परिपाठाच्या शेवटी दोन मिनिटं मुलंच सांगतात, काल कुणी काय चांगलं केलं. ‘तो चांगला आहे’ चालत नाही, काम सांगावं लागतं : “हिनं माझी चप्पल नाल्यातून काढून दिली.” घंटा वाजवायचा मान मात्र हजेरी क्रमांकानं फिरतो. आमची घंटा म्हणजे लोखंडी रुळाचा तुकडा, आणि ती बडवायला मिळणं हे पोरांना कुठल्याही बक्षिसाहून मोठं. एवढी मोठी गोष्ट फक्त हुशारांच्या हाती ठेवायची नसते.

उसाच्या फडावर असलेल्या आईबापांना मी मोबाइलवरून आवाजी निरोप पाठवते. पंधरा सेकंदांचा, आणि त्यात एकच गोष्ट : “तुमच्या लेकीनं आज पूर्ण गोष्ट न अडखळता वाचली.” चिठ्ठी वाचता न येणाऱ्या आईलाही तो कळतो. एकीनं तर कोपीत, फडावरच्या झोपडीत, चारदा ऐकला म्हणे. तक्रारीसाठी हा निरोप वापरू नका. पोटच्या पोराची कागाळी दोनशे कोसांवर ऐकून ती माउली करणार काय?

आता नोंदी. नव्या माणसाची खरी गाडी इथं रुतते. आपल्याकडे २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आहे. पहिली-दुसरीला आकारिक (वर्षभर रोजच्या कामातून होणारं) ७० गुण, संकलित (सत्राच्या शेवटी होणारं) ३०; तिसरी-चौथीला ६० आणि ४०. आकारिकची साधनं आठ : निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय आणि इतर. त्यातली किमान पाच वापरायची. हे कागदावर सोपं दिसतं. होतं काय, तर सत्र संपताना एका रात्रीत २२ मुलांच्या नोंदी उतरवल्या जातात आणि सगळ्यांची ‘प्रगती समाधानकारक’ असते, सगळ्यांना ‘चित्रकलेची आवड’ असते.

उपाय म्हणजे खिशातली वही. रोज चारच मुलं ठरवा. त्या दिवशी त्यांच्याकडेच बारकाईनं बघा आणि प्रत्येकी एक ओळ लिहा. सहा दिवसांत सगळा पट एकदा फिरतो. ओळ कशी हवी, ते दाखवते.

एका मुलानं ४०३ वजा १७८ याचं उत्तर लिहिलं ३७५. लाल फुली मारून ‘वजाबाकीत कच्चा’ लिहिलं असतं तर मला काहीच कळलं नसतं. त्याला म्हटलं, मोठ्यानं बोलत कर. तो म्हणाला, “आठातून तीन गेले पाच. सातातून शून्य गेला सात. चारातून एक गेला तीन.” म्हणजे वजाबाकी त्याला चोख येते! फक्त अंक वर असो की खाली, तो मोठ्यातून लहान काढतो. वहीत लिहिलं : ‘वरचा अंक लहान असला की उलटं वजा करतो. दशक मोडत नाही.’ या ओळीतच पुढचं काम दडलेलं आहे. काड्यांचे दहाचे गठ्ठे घेतले, शंभराचा मोठा गठ्ठा सोडला, त्यातून दहाचे दहा गठ्ठे काढले, त्यातला एक सुटा केला. तिसऱ्या दिवशी त्यानं २२५ आणलं. नोंद अशी असावी की ती वाचून दुसऱ्या शिक्षकाला उद्याचा तास घेता यावा. श्रेणी त्या नोंदीतून आपोआप निघते.

गृहपाठाचं थोडक्यात. २०२० च्या राष्ट्रीय दप्तर धोरणात दुसरीपर्यंत गृहपाठ नाही आणि तिसरी ते पाचवीला आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास आहेत. मी त्याहून कमीच देते. आमच्याकडे कसोटी एकच : घरात फक्त आजी असली तरी व्हायला पाहिजे. “आजीला विचार, एका पायलीत अधोल्या किती?” दुसऱ्या दिवशी सगळे ‘दोन’ घेऊन आले आणि मग आम्ही धान्याची ही जुनी मापं घेऊन वाळू मोजली. जात्यावरची एक ओवी लिहून आणणं हाही गृहपाठ. थर्माकोलचे प्रकल्प नकोत, ते तालुक्याचा दुकानदार करतो आणि श्रेणी पोराला मिळते. तपासताना २२ वह्यांवर सह्या मारत बसू नका, “कुठं अडलं?” एवढं विचारा. एखाद्यानं केलाच नसेल तर आधी घरी वीज होती का ते पाहा आणि परिपाठाआधी व्हरांड्यात त्याला पंधरा मिनिटं द्या.

तो ३७५ वाला दिवाळीनंतर आईबापांबरोबर सांगलीकडे गेला. जाणाऱ्या मुलाला तिकडच्या शाळेत बसता यावं म्हणून शिक्षण हमी कार्ड द्यावं लागतं. त्यासोबत मी एक चिठ्ठी जोडली : ‘दशक मोडायला नुकताच शिकला आहे, काड्या देऊन सराव घ्यावा.’ एप्रिलमध्ये तो परत आला. चिठ्ठीच्या मागं तिकडच्या गुरुजींचं बारीक अक्षर होतं : ‘मोडतो. दोन शून्यं लागोपाठ आली की अडतो.’ मी फळ्यावर ५०० वजा २३६ लिहिलं आणि काड्यांची पिशवी त्याच्यापुढं सरकवली.